दोन्ही ऑफर हातात असताना

लातूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुला आलेल्या लेखनकामाच्या दोन्ही ऑफर, पुण्याच्या एजन्सीची आणि ऑडिओ कथामालिकावाल्यांची, नीट वाचल्या. एजन्सी महिन्याला 30,000 देते म्हणून तुझा ओढा पुण्याकडं आहे, हे दिसतंय. पण त्यात 20 लेख आहेत, हजार-हजार शब्दांचे. शब्दाला दीड रुपया. लेखाला पाच तास, वर मीटिंग-दुरुस्त्यांचे दीड तास धर. महिन्याचे 130 तास, तासाला 230 रुपये. हे गुत्त्याचं काम आहे, आकडा ठरलेला आणि राबणं वाढत जाणारं. ऑडिओवाल्यांच्या सहा स्क्रिप्ट, प्रत्येकी 1,200 शब्द, तीन रुपयांनी 21,600. एकीला आठ तास लागले तरी तासाला 450 पडतात. फक्त पुढच्या महिन्याची हमी नाही.

म्हणून दरापेक्षा कामाच्या मापावर बोल. एजन्सीला 12 लेख 21,000 ला दे. त्यांचा महिन्याचा खर्च उतरतो, त्यामुळं पावणेदोन रुपये फारसे खुपत नाहीत. दोन्हीकडचं धरून 126 तासांत 42,600 होतात. कळवताना एवढंच लिही: 'हातातलं दुसरं काम पाहता महिन्याला 12 लेख वेळेवर देऊ शकेन. 21,000 मान्य असल्यास एक तारखेपासून सुरू करतो. शुक्रवारपर्यंत कळवावं.' ऑडिओवाल्यांचा दर सांगू नकोस, आणि नसलेली तिसरी ऑफर तर मुळीच सांगू नकोस. 'मग तिकडचंच घ्या' म्हणाले की बोलणं तिथंच संपतं.

एजन्सीच्या करारात 'इतरत्र लिहिणार नाही' असं कलम आहे. ते तसंच राहिलं तर ऑडिओचं काम गेलं. 'त्याच ग्राहकाच्या थेट स्पर्धकासाठी लिहिणार नाही' इतकं आकसून घे. दुरुस्त्या दोनच फेऱ्या. विषयच बदलला तर तो नवा लेख.

ऑडिओवाल्यांचं 'प्रसारणानंतर 60 दिवसांनी पैसे' हे मला सगळ्यात खटकलं. भाग प्रसारितच झाला नाही तर? 'मंजुरीनंतर 15 दिवस' करून घे. सात दिवसांत शेरा आला नाही तर मंजूर, आणि पहिल्या खर्ड्यानंतर काम रद्द झालं तर निम्मे पैसे, हेही लिहून घे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, ती आधी कर आणि नंबर बिलावर टाक. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत. अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. धमकी द्यायची गरज नाही, नंबर पुरतो.

हक्कांचं थोडं बघ. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी आणि सहीनंच हस्तांतरित होतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणूनच ते 'कायमस्वरूपी, जगभर' लिहितात. एजन्सीचे लेख देऊन टाक, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. कथामालिकेचे पुस्तकाचे हक्क मात्र सोडू नकोस.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, 10 टक्के कापतील, तेव्हा हातात 42,600 येणार नाहीत. पॅन दोघांनाही दे, नाहीतर 20 टक्के जातील. रिटर्न भरायच्या आधी कापलेली रक्कम आयकर पोर्टलवर तुझ्या नावावर दिसते का ते तपास.

सही करण्याआधी सुधारलेले मसुदे मला पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर