त्यांना फुकटे म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत असताना मी पोस्टाची तिकिटं जमवायचो, त्यात पिटकेर्न आयलंड्स असं छापलेली चार-पाच होती, आणि तेव्हापासून त्या बेटाबद्दल मिळेल ते वाचत आलोय. परवा ओळखीतल्या एकाशी बोलताना विषय निघाला तर तो सरळ म्हणाला की पन्नास माणसांसाठी ब्रिटन दरवर्षी पैसे ओततंय, त्यापेक्षा सगळ्यांना उचलून न्यूझीलंडला नेऊन बसवा ना, आणि क्रूझ येतात त्यावर जगता येत नसेल तर तिथे राहायचंच कशाला. मला ते फार लागलं. असं वाटणारे बरेच असतील म्हणून हे पत्र.

पिटकेर्न म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधलं, ब्रिटनच्या ताब्यातलं जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं बेट. 1789 ला ब्रिटिश नौदलाच्या बाउंटी जहाजावर बंड झालं, त्यातले काही खलाशी आणि त्यांच्यासोबतचे ताहितीचे बायका-पुरुष 1790 ला इथे येऊन राहिले, आजची वस्ती बहुतेक त्यांच्याच वंशजांची. 1937 मध्ये 233 माणसं होती, आता पन्नासच्या आत आलीत. विमानतळ नाही, मोठं जहाज लागेल असा धक्का नाही. सरकारी पैशावर चालणारं एकच जहाज, ते फ्रेंच पॉलिनेशियातल्या मांगारेवा बेटाहून माणसं आणतं आणि त्यालाच दीड दिवस लागतो, आणि सामान येतं न्यूझीलंडहून, म्हणजे पाच हजारांवर किलोमीटर. डिझेल, पीठ, औषधं, छपराचे पत्रे, सगळं त्यातूनच.

आता क्रूझचं ऐका. लोकांना वाटतं जहाज आलं, टुरिस्ट उतरले, पैसे दिले, झालं. तसं नसतं हो. समुद्र खवळलेला असला की प्रवाशांना उतरवताच येत नाही आणि तिथे तो बऱ्याचदा खवळलेलाच असतो, मग बेटावरचेच लोक खोकी भरून लाँगबोटीत बसतात, लाटांमधून जहाजापर्यंत जातात, जहाजाच्या बाजूला लोंबणाऱ्या शिडीवरून वर चढतात आणि डेकवर टेबलं मांडून विकायला बसतात. मिरो नावाच्या झाडाच्या लाकडातून कोरलेले शार्क, कासवं, बाउंटीची मॉडेल्स, मध, टी-शर्ट, तिकिटं. ते लाकूडसुद्धा दारात मिळत नाही, शेजारच्या निर्जन हेंडरसन बेटावर बोटीने जाऊन आणावं लागतं. एवढं करून हातात मिळतात फक्त काही तास, आणि हवा फारच बिघडली तर कॅप्टन बेटाला लांबून वळसा घालून निघून जातो आणि महिनोन् महिने कोरलेलं सामान घरातच पडून राहतं. 2020 मध्ये कोरोनामुळे बेट बंद केलं ते 2022 मध्येच उघडलं, त्या काळात ही कमाई गेलीच. मला सांगा, याला फुकटचं खाणं कसं म्हणायचं?

आणि कधीकाळी हे बेट बऱ्यापैकी स्वतःच्या पायावर होतं. 1940 ला पिटकेर्नची स्वतःची तिकिटं निघाली आणि जगभरातले माझ्यासारखे लोक ती विकत घेत होते, कित्येक वर्षं तेच सरकारचं मुख्य उत्पन्न होतं. मग लोकांनी पत्रं लिहिणं सोडलं, मुलांनी तिकिटं जमवणं सोडलं (माझाही अल्बम कपाटात गेला तो गेलाच) आणि साठवलेला पैसा हळूहळू संपला. त्यात बेटवाल्यांची काय चूक? आता बजेटचा बहुतेक सगळा भाग ब्रिटन देतं आणि ते उपकार म्हणून नाही, ही ब्रिटनचीच टेरिटरी आहे, तिथल्या लोकांची जबाबदारी त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतही मान्य केलीय.

एक गोष्ट अवघड आहे पण सांगायलाच हवी. 2004 मध्ये पिटकेर्नवर मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले चालले आणि बेटावरच्या पुरुषांना शिक्षा झाल्या, अत्याचार कित्येक वर्षं चालले होते आणि बाहेरचं कोणी बघायला नव्हतं. म्हणून मदत म्हणजे फक्त डिझेल आणि पीठ असं मी मानत नाही. बाहेरून येऊन राहणारे डॉक्टर, पोलीस, शिक्षक हेही त्याच पैशातून येतात आणि माझ्या मते तो पैसा सगळ्यात चांगला खर्च होतो. चार तासांसाठी येणारी क्रूझ हे काम कधीच करणार नाही.

उचलून दुसरीकडे न्या म्हणणाऱ्यांसाठी, हे करून झालंय. 1856 ला पिटकेर्नची सगळी 193 माणसं ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या नॉरफोक बेटावर हलवली, तिथे जमीन मोठी, घरं तयार, तरी तीन वर्षांच्या आत पहिली कुटुंबं परत आली. अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हा या ब्रिटिश बेटाचंही तेच, 1961 ला गावाच्या कडेलाच ज्वालामुखी फुटला म्हणून सगळ्यांना इंग्लंडला नेलं, तिथे नोकऱ्या होत्या, दुकानं होती, आणि मतदान घेतलं तर 148 जणांनी परत जायचं म्हटलं, राहायचं म्हणणारे पाच. 1963 ला गेलेही. ट्रिस्टनला निदान लॉब्स्टरची मासेमारी आहे, पिटकेर्नला तसलं काही नाही.

फक्त टुरिझमच्या भरवशावर मोठा पैसा टाकणं मात्र मला पटत नाही. अटलांटिकमधल्याच सेंट हेलेना या आपल्या बेटावर ब्रिटनने 285 मिलियन पौंडांचं विमानतळ बांधलं, वाऱ्याचा त्रास निघाला म्हणून नियमित विमानं 2017 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, आणि टुरिस्ट अपेक्षेएवढे आलेच नाहीत. पिटकेर्नला खरी गरज आहे ती तरुण कुटुंबांची. तिथे राहायला येणाऱ्याला जमीन द्यायची तयारी आहे तरी जाणारे मोजकेच, कारण मुलांचं पुढचं शिक्षण न्यूझीलंडला, मोठं आजारपण आलं तर बोटीची वाट बघायची, आणि ही लाँगबोट चालवायला मजबूत हात लागतात, पन्नासाच्या आतल्या वस्तीतून म्हातारे आणि मुलं वगळली की असे हात फार कमी उरतात. मदत द्यायचीच तर दवाखाना, जहाजाच्या फेऱ्या आणि शिकून परत येणाऱ्या मुलांसाठी काम यासाठी द्या असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जागा असेल तर या बेटांवर एकदा सविस्तर लेख द्या ही विनंती, आणि सोबत सूर्यास्ताचा नको, लाँगबोटीवरच्या माणसांचा फोटो छापा.

आपला,
एक नियमित वाचक