उंचीची भीती वाटते म्हणून पायलट व्हायचंच नाही का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअरच्या पानावर पायलट ट्रेनिंगबद्दल आलं होतं, माहिती चांगली होती, पण त्यात एक वाक्य सहज टाकून दिलंय की उंचीची भीती वाटणाऱ्यांनी या लाईनीत पडूच नये. ते वाचून आमच्या गावातल्या बारावीच्या एका पोरीने विचारच सोडला, म्हणून लिहितोय. मी इथेच खान्देशात फ्लाईंग शिकतोय आणि मला आजही धाब्याच्या (घराच्या गच्चीच्या) कडेला उभं राहवत नाही. लळिंगच्या किल्ल्यावर मित्र कडेला जाऊन सेल्फी काढतात, मी आपला आत बसून सगळ्यांच्या बॅगा सांभाळतो.

कडेला उभं राहिलं की पायाखालची भिंत थेट जमिनीपर्यंत दिसते, नजर ठरवायला जवळ काही नसतं, त्यामुळे तोल सांभाळताना अंग जास्तच डुलतं नि डोकं घाबरतं. विमानात अशी भिंतच नाही, आपण सीटला बेल्टने बांधलेलो, बाजूला दरवाजा, समोर मीटर, आणि दोन हजार फुटांवरून तापी नि केळीचे हिरवे तुकडे नकाशासारखे दिसतात. शिडीवर चढायला घाबरणारे पायलट बरेच असतात, फक्त कोणी सांगत नाही.

अगदीच काही वाटत नाही असं पण नाही हं. स्टीप टर्नमध्ये विमान ४५ डिग्री कलतं तेव्हा खालच्या बाजूच्या खिडकीत सरळ शेतंच येतात, पोटात गोळा येतो, हात आपोआप योक (विमानाचं हँडल) आवळतो, आणि आवळला की हाईट वर-खाली व्हायला लागते. सर ओरडतात, बोटांनी धर, समोर क्षितिज बघ, स्पीड मोठ्याने वाच. बोलत राहिलं की श्वास चालू राहतो, घाबरायला टाईमच मिळत नाही.

आणि आपल्याकडचा मे महिना! पारा ४४-४५ वर, जमीन तापली की हवा उसळते नि छोटं सेसना विमान खडबडीत रस्त्यावरच्या जीपसारखं आदळतं, त्यात गरम हवा पातळ म्हणून विमान चढतंही हळू. नवीन पोरांना वाटतं आपली भीती वाढली, अरे भो ते उन्हाचे धक्के आहेत, सकाळची सॉर्टी (उड्डाणाची फेरी) घ्या.

ज्याला खरंच घाम फुटतो, हातपाय गळतात त्याने पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरला सांगावं, लपवू नये. मेडिकल दुकानातून भीतीच्या गोळ्या आणून परस्पर तर अजिबात घेऊ नये, त्या घेऊन उडणं धोक्याचं आहे आणि डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) मेडिकल तपासणीतही अडचण येते.

बाकी तुमच्या पानावरचं लायसन्ससाठी २०० तास उडण्याचं वगैरे बरोबर आहे, फक्त फीचा आकडा फारच कमी छापलाय, तेवढा दुरुस्त करा, आमच्या घरचे पेपर घेऊन विचारायला आले होते.

आपला,
एक ट्रेनी पायलट, ता. चोपडा