इंदूर सहल : रंगपंचमीसंबंधी सभासदांस सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इंदूर सहलीत रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) पाहण्याचे योजिले असून त्या दिवशी राजवाडा परिसरात अलोट गर्दी असते. रंगाचे टँकर आणि गुलालाचे फवारे सोडणाऱ्या तोफा रस्त्यातूनच जात असल्याने मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा, जुने सुती कपडे घालावेत आणि मुलांचा हात सोडू नये. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी कृपया निवासस्थानीच थांबावे. हा आमचा आग्रह आहे.

होळकरांचा सातमजली राजवाडा व कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकर घराण्यातील व्यक्तींची स्मारके) आपण आदल्या दिवशी सकाळी शांतपणे पाहणार आहोत. त्याच रात्री सराफ्यात जाऊ. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालणाऱ्या या गल्लीत दुकाने बंद झाल्यावर खाऊचे ठेले लागतात, म्हणून संध्याकाळी भरपेट जेवू नये. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचे पॅटीस आणि दहीवडा अवश्य चाखावा. मक्याच्या किसाला दुधात शिजवून आणलेली ती मऊ, किंचित गोड चव आपल्याकडे सहसा मिळत नाही. गराडू (तळलेला कंद) हा हिवाळ्यातला पदार्थ असल्याने तो मिळेलच असे नाही.

संगीतप्रेमींच्या विनंतीवरून एक दिवस देवाससाठी राखला आहे. गायक उस्ताद अमीर खाँ यांच्या इंदुरापासून कुमार गंधर्वांचे देवास सुमारे 35 किलोमीटरवर आहे, आणि इतक्या जवळ जाऊन तिकडे न वळणे आम्हाला योग्य वाटले नाही.

इंदूरकर स्वच्छतेबाबत अतिशय दक्ष आहेत, तेव्हा कचरा कचरापेटीतच टाकावा.

– सहल समिती