मोडण्यासाठीच बनवलेली पिन

रोचेस्टर, १२ ऑक्टोबर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो नीट मोठे करून पाहिले. आधीच्या मालकाने गराजमध्ये सोडून दिलेला स्नोब्लोअर चांगला आहे. तो विकू नका आणि नवीन घ्यायच्या फंदातही पडू नका. एरियन्स कंपनीचा टू-स्टेज आहे, म्हणजे समोरचा ऑगर बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा, इम्पेलर, तो बाहेर फेकतो. वर टेकम्सी कंपनीचं इंजिन. टेकम्सीने २००८ च्या अखेरीस इंजिनं बनवणं बंद केलं, म्हणजे तुझं मशीन त्याच्या आधीचं किंवा त्या सुमाराचं. भाग अजून मिळतात, काळजी नको.

तुम्ही ऑर्चर्ड पार्कला घर घेतलंत म्हणून इतकं सविस्तर लिहितोय. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच वादळात सहा फुटांहून जास्त बर्फ पडला होता. सरोवराच्या उबदार पाण्यावरून थंड वारा वाहिला की किनाऱ्यावर बर्फ पडतो, त्याला लेक-इफेक्ट म्हणतात. ईरी सरोवर उथळ आहे, ते गोठलं की त्याचा जोर ओसरतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी अजून उघडं आणि उबदार असतं, आणि मोठा मारा तेव्हाच होतो. तेव्हा जे काही मागवायचं ते आत्ता, ऑक्टोबरात. पहिल्या वादळानंतर दुकानातल्या पिना आणि बेल्ट सगळ्यांनाच हवे असतात.

आधी नंबर टिपून घे. मशीनच्या फ्रेमवर पाटी आहे, तिच्यावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर. इंजिनाचा नंबर वेगळा असतो, तो इंजिनाच्या पत्र्यावर ठोकलेला सापडेल. वायर ब्रशने घासलास तर वाचता येईल. पिना, बेल्ट, केबल हे मशीनच्या नंबरावरून घ्यायचं, आणि स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर, प्रायमर बल्ब (सुरू करण्याआधी दाबायचा रबरी फुगा) इंजिनाच्या नंबरावरून. "२४ इंची एरियन्सचा बेल्ट द्या" एवढं सांगून भागत नाही. त्या रुंदीची बरीच मॉडेलं निघाली आहेत, आणि दिसायला सारखा बेल्ट अर्ध्या इंचाने लांब निघाला तर लीव्हर दाबूनही ऑगर फिरत नाही.

आता शिअर पिन. बाकी पत्र विसरलीस तरी चालेल, पण हे लक्षात ठेव. समोरचा ऑगर, म्हणजे बर्फ आत ओढणारी ती नागमोडी पाती, मधल्या गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना शाफ्टवर बसलेली असतात आणि पिन त्यांना शाफ्टशी जोडते. ही पिन मुद्दाम नरम धातूची करतात. प्लाउ, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, रस्ता साफ करताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ढिगारा टाकून जातो, त्यात काय काय गाडलेलं असतं: पिशवीत गोठलेलं वर्तमानपत्र, पायपुसणं, एखादी एक्स्टेन्शन कॉर्ड. ते ऑगरमध्ये अडकलं की पिन मोडते आणि गिअरबॉक्स वाचतो. पिन काही डॉलरची, गिअरबॉक्स शेकडो डॉलरचा.

आपल्याकडे फ्यूज गेला की जाड तार गुंडाळून दिवे लावणारे लोक मी खूप पाहिलेत. इथेही तेच करतात. पिन मोडली, रात्रीची वेळ आहे, मग डब्यातला ग्रेड ८ चा बोल्ट बसतो तर बसवून टाकायचा. तो मोडत नाही, आणि मग आतल्या ब्राँझच्या गिअरचे दाते जातात. निखिललाही हे सांगून ठेव, कारण मजबूत बोल्ट हातात असला की तो वापरायचा मोह चांगल्या चांगल्या मेकॅनिकलाही होतो. कंपनीच्याच पिना घे, निदान सहा, आणि दोन मशीनच्या हँडललाच पिशवीत बांधून ठेव.

पिन योग्य असली तरी एक गोष्ट राहते. ऑगर शाफ्टवर गंजून चिकटला असेल तर पिन मोडून काही उपयोग नाही. चिकटलेला ऑगर शाफ्टबरोबरच फिरणार आणि सगळा धक्का गिअरबॉक्सवर जाणार. म्हणून दर वर्षी दोन्ही पिना काढायच्या, ऑगर हाताने फिरवून बघायचा, ग्रीस निपलमधून ग्रीस भरायचं आणि पुन्हा फिरवायचा. फिरत नसेल तर गंज सोडवणारं तेल घालून एक-दोन दिवस ठेवायचं, हातोडा मारायचा नाही. हे करण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला ठेव. प्रत्येक वेळी.

बेल्ट दोन आहेत, एक ऑगरचा आणि एक चाकांचा. यांत मी बाहेरचा माल घेत नाही. लीव्हर दाबला की आयडलर पुली बेल्ट ताणते, सोडला की बेल्ट सैल होऊन घसरायला हवा. गाडीचा साधा व्ही-बेल्ट तिथे धरून ठेवतो, आणि लीव्हर सोडल्यावरही ऑगर फिरत राहू शकतो. पैशांची बचत करायची ती जागा नाही. जुना बेल्ट मोजून नवा मागवू नकोस, तो ताणलेला असतो. ऑगरचा बेल्ट बदलायला मशीन मधोमध उघडावं लागतं, तेव्हा दोन्ही एकदमच बदलू.

मशीन उघडलेलं असताना फ्रिक्शन डिस्क बघायची. चाकं तिच्या रबराच्या कड्यावर चालतात. रबर झिजलं किंवा त्याला तेल-ग्रीस लागलं की मशीन चढावर जागच्या जागी घरघरत उभं राहतं. शेजारच्या शाफ्टला ग्रीस लावताना कापसाच्या बोळ्याने लावल्यासारखं बेताने लावायचं.

स्किड शू (मशीन ज्यांवर घसरतं त्या बाजूच्या पट्ट्या), प्लग आणि केबल मात्र स्टेन्स किंवा ओरेगन अशा बाहेरच्या कंपन्यांचे घेतलेस तरी हरकत नाही. स्किड शू झिजले असतील तर उलटून लाव, बऱ्याचशांना दोन्ही बाजू वापरता येतात. तुमचा ड्राइव्हवे डांबरी आहे, तेव्हा स्क्रेपर बार, म्हणजे समोर खाली असलेली खरवडणारी पट्टी, जमिनीपासून साधारण ३ मिलिमीटर वर ठेवायचा. खडी असती तर इंचभर तरी लागला असता. हा बार मात्र झिजू देऊ नकोस. तो संपला की मागचा पत्राच घासायला लागतो आणि तो पत्रा सहजासहजी बदलता येत नाही.

इंजिन सुरू झालं नाही की लोक आधी नवा कार्ब्युरेटर मागवतात. बहुतेक वेळा त्याच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, जुन्या पेट्रोलची चिकट खळ बसलेली असते. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते उन्हाळाभर टाकीत राहिलं की हे होतं. आधी कार्ब्युरेटरखालचा बाऊल काढून साफ करायचा. कडक झालेली पेट्रोलची नळी आणि प्रायमर बल्ब बदलायचे. प्लगची गॅप ०.०३० इंच, तेल ५डब्ल्यू-३०.

मार्चमधला ओला बर्फ शूटमध्ये, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीत, हमखास अडकतो. तिथे हात घालायचा नाही, इंजिन बंद केलेलं असलं तरी नाही. इम्पेलरमध्ये ताण अडकून राहिलेला असतो, अडथळा सुटताक्षणी पातं फिरतं आणि बोटं जातात. काठीनेच काढायचं, इंजिन बंद करून, सगळं थांबल्यावर. आणि गराजचं दार उघडं असलं तरी मशीन आत सुरू ठेवायचं नाही, धुराने घरात कार्बन मोनॉक्साइड भरतो. या दोन गोष्टींवर मला तुझ्याकडून फोनवर स्पष्ट हो हवंय.

पुढच्या शनिवारी मी आणि आई येतोय. आईने चकल्यांची भाजणी करून ठेवली आहे. ग्रीसगन आणि सॉकेट सेट मी आणतो. नंबरांचे फोटो आजच पाठव, म्हणजे बेल्ट आणि डिस्क मी इथूनच मागवतो, पिना तू घे. टाकीत पेट्रोल असेल तर ते किती जुनं आहे कोण जाणे, तेव्हा मी येईपर्यंत दोरी ओढून इंजिन सुरू करून बघू नकोस. आधी टाकी उपसू.

तुझा,
बाबा