मागच्या सीटचे बक्कल कव्हरखाली : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना इंदूरहून खुले पत्र

माननीय श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मागच्या महिन्यात एका लग्नासाठी आम्ही इंदूरहून टॅक्सीने नाशिकला गेलो. राऊ मागे पडल्यावर मी मागच्या सीटचा पट्टा ओढला, पण तो अडकवायचे बक्कल काही केल्या सापडेना, कारण नव्या सीट कव्हरखाली ते पार दडपून गेले होते. चालक सहज म्हणाला, "पीछे कौन लगाता है, सर?" पुढे मानपूरचा घाट उतरून धामणोद येईपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी 31 वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे आणि त्याचे उत्तर मी आपल्यापुढे मांडू इच्छितो.

गाडी एकदम थांबली की आपण पुढे फेकले जातो, असे सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात पुढे फेकणारे बल तेथे नसतेच. ताशी 50 किलोमीटरने चाललेल्या गाडीतले प्रत्येक शरीर सेकंदाला सुमारे 14 मीटर या वेगाने चाललेले असते, आणि त्याला मागे रोखणारे काही भेटेपर्यंत ते त्याच वेगाने जात राहते. ते थांबणार हे ठरलेलेच असते. किती अंतरात थांबणार, एवढाच प्रश्न उरतो, आणि अंतर जितके कमी तितके बल जास्त.

कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर या वेगाची गाडी साधारण 14 मीटरांत थांबते आणि चालकाला नुसता झोल जाणवतो. तीच गाडी भिंतीवर आदळली आणि तिचे नाक 60 सेंटीमीटर चेपले, तर थांबण्याचे अंतर तेवढेच. पट्टा बांधलेला चालक गाडीबरोबरच थांबू लागतो. पट्टा ताणला जाऊन त्याला आणखी 30 सेंटीमीटर मिळाले, तर 70 किलो वजनाच्या त्या माणसावर सरासरी पाऊण टनाचे बल येते, आणि तेही बरगड्या व कंबरेच्या मजबूत हाडांवर पसरून. पट्टा नसलेला चालक मात्र गाडी थांबल्यावरही पूर्ण वेगाने पुढे जातो आणि स्टिअरिंगवर जेमतेम 10 सेंटीमीटरांत थांबतो. ते बल जवळजवळ सात टनांचे असते. दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकाच हा वेग आहे, आणि तो ताशी 100 झाला तर उंची दुप्पट नव्हे, चौपट धरावी लागते.

नीट बांधलेले शरीर किती सोसू शकते, हे अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी 10 डिसेंबर 1954 रोजी स्वतःवर पाहिले. रॉकेटच्या घसरगाडीवर ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगातून ते दीड सेकंदाच्या आत थांबले, शरीराच्या वजनाच्या 46 पट बल त्यांनी सोसले, आणि ते वाचले.

मागच्या सीटचा प्रश्न चालकाचाही आहे. तेथे पट्ट्याविना बसलेला 60 किलोचा माणूस चालकाच्या पाठीवर आदळून 20 सेंटीमीटरांत थांबला, तर सुमारे तीन टनांचे बल पुढच्या सीटवर येते, आणि पट्टा लावलेला चालक दोन्हीकडून चिरडला जातो. मांडीवरचे 10 किलोचे मूल त्या क्षणी 160 किलोचे होते. आईचे हात कितीही घट्ट असले तरी त्याला धरू शकत नाहीत. एअरबॅगही पट्टा गृहीत धरूनच बनवलेली असते.

कायदा आपल्याकडे आहे. 2019 च्या दुरुस्तीने पट्टा न लावण्यास 1000 रुपये दंड ठरला, आणि सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेल्यानंतर देशभर या विषयाची चर्चाही झाली. तरीही पट्टा न लावता बक्कलमध्ये अडकवून गाडीचा इशारा देणारा अलार्म गप्प करणारी नुसती क्लिप दुकानात मिळते. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकण्याचा आदेश दिला होता. तोच बडगा आता बाजारातल्या ॲक्सेसरीच्या दुकानांनाही लागू व्हावा. गाडीच्या पुढच्या बंपरवर बसवल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डचेही तसेच आहे. जे नाक चेपायला हवे त्यालाच तो आडवा येतो, म्हणूनच आपल्या मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करण्यास कळवले होते.

इंदूरने ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय लावून घेतली, ती केवळ दंडाच्या भीतीने नव्हे. घरोघरी कारण समजावून सांगितले गेले, म्हणूनही. तसेच येथे करावे. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत थांबण्याच्या अंतराचे दोन प्रश्न सक्तीचे असावेत. टॅक्सीच्या फिटनेस तपासणीत मागची तिन्ही बक्कले कव्हरच्या वर, हाताला लागतील अशी आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. या तपासणीला दोन मिनिटेही लागणार नाहीत, आणि त्यासाठीचे परिपत्रक आपल्या कार्यालयातून याच लग्नसराईच्या आधी निघावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, इंदूर