वुडवर्डला येण्याआधी एवढं वाचा

सभासदांनो,

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर आपल्या जुन्या अमेरिकन गाड्या प्रदर्शनाला लावायच्या आहेत. गेल्या वर्षीची धुसफूस पुन्हा नको, म्हणून ही आठवण.

सगळ्यात जास्त वाजतं ते नकली जीटीओवरून, म्हणजे पाँटिॲक कंपनीच्या त्या दमदार इंजिनाच्या गाडीवरून. त्याच कंपनीच्या साध्या लेमान्स गाडीवर जीटीओचे बिल्ले बसवले असतील तर गाडीपुढच्या पाटीवर तसं सरळ लिहा, त्यात कमीपणा कसला? १९६६ ते १९७१ च्या अस्सल जीटीओचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) २४२ ने सुरू होतो, त्यामुळे लपत काहीच नाही. १९६४ आणि १९६५ ला मात्र जीटीओ हे लेमान्सवर जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं. तिथे नुसता नंबर बघून कुणाला खोटं पाडू नका, कारखान्याची कागदपत्रं बघा.

दुसऱ्याच्या गाडीला टेकू नका. जीन्सच्या रिव्हेटनं रंगावर ओरखडा उठतो आणि मग मालकाचा चेहरा बघवत नाही. (होय, मागच्या खेपेचा अपराधी मीच.) ‘केवढ्याला पडली?’ हा आपला लाडका प्रश्नही गिळा. फोर्ड मस्टँगवाल्यांना ‘ही तर पोनी कार’ (म्हणजे छोटी स्पोर्टी गाडी, दमदार गाड्यांच्या पंगतीतली नव्हे) म्हणून डिवचणं आता पुरे.

निघताना टायर जाळून धूर काढणाऱ्याला पुढच्या वर्षी आपल्या रांगेत जागा नाही.

– कार्यवाह