सल्ला न देणाऱ्या मंडळींविषयी

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "नाट्यगृह चालवतो मी, पण अडलं तर विचारायचं कुणाला?" त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे गायकाला गुरू असतो, नटाला दिग्दर्शक. पण तारखांचं वाटप, बिघडलेला जनरेटर आणि रुसलेली नाट्यसंस्था एकाच दिवशी सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला कोण असतं? आम्हा संग्रहालयवाल्यांचंही तेच. गावात त्या खुर्चीवर माणूस एकच. वर पदाधिकारी, खाली कर्मचारी, बरोबरीचं कुणीच नाही. म्हणूनच संग्रहालय, ग्रंथालय, नाट्यगृह अशा ठिकाणच्या लोकांसाठीचं पीअर कोचिंगचं, म्हणजे बरोबरीच्या माणसांनी प्रश्न विचारून एकमेकांना वाट शोधायला मदत करण्याचं, प्रशिक्षण मी केलं, आणि ते तू करावंस असं मला फार मनापासून वाटतं.

या पद्धतीचं एक मूळ रेग रेव्हन्स या इंग्रज माणसापाशी जातं. तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत होता. तिथले नोबेलविजेते शास्त्रज्ञ एकत्र बसून आपल्याला काय कळत नाही याची मोकळी चर्चा करतात, हे त्यानं पाहिलं. पुढे १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींतल्या व्यवस्थापकांना त्यानं असंच लहान गटांत, आपापल्या अडचणी घेऊन बसवलं. शिकवायला तज्ज्ञ नाही. एकमेकांना प्रश्न विचारायचे.

आमच्या गटातही नियम हाच. एकानं अडचण मांडायची, बाकीच्यांनी फक्त विचारायचं. "तुम्ही असं का नाही करत?" हेसुद्धा चालत नाही, कारण तो सल्लाच झाला.

एका लहान संग्रहालयातल्या ताईंनी पैठण्यांच्या दालनाची अडचण मांडली. जुन्या कापडावर उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर जाऊ द्यायचा नसतो, रंग उडतात. विश्वस्त मात्र म्हणत, दिवे वाढवा. ताईंनी सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं होतं. गटातल्या एका ग्रंथपालांनी विचारलं, "अंधार आहे असं नेमकं कोण म्हणतं?"

"विश्वस्त."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"बघायला येणाऱ्या लोकांनी."

"लोकांना काय दिसत नाही?"

ताई गप्प झाल्या. आम्हीही गप्प बसलो. तेवढा वेळ कळ काढणं हे या प्रशिक्षणातलं सगळ्यात अवघड काम. मग त्या म्हणाल्या, "पाट्या. लोकांना पाट्या वाचता येत नाहीत." अक्षर मोठं करायचं आणि पाटीपुरता वेगळा दिवा लावायचा, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. त्या ग्रंथपालांना लक्स म्हणजे काय, हेही तोवर माहीत नव्हतं!

मेंटॉरिंग, म्हणजे जाणत्यानं नवख्याला हाताखाली घेऊन शिकवणं, मात्र वेगळं, आणि तेही तुला लागणार आहे. तुझे प्रकाशयोजना सांभाळणारे काका निवृत्तीला आलेत ना? कुठल्या नाटकाला कुठला स्पॉट कुठे टांगायचा, हे त्यांच्या हातात आहे, कागदावर नाही. ते प्रश्न विचारून उगवत नाही. एखादा होतकरू पोरगा आत्ताच त्यांच्या हाताखाली दे, आणि त्याला नुसतं केबल ओढायला ठेवू नकोस.

ब्रिटनमध्ये कलाक्षेत्रातल्या लोकांसाठी २००३ मध्ये क्लोअर लीडरशिप प्रोग्रॅम उभा राहिला. तसं काही उभं राहायची वाट आपण कशाला बघायची? पाच माणसं आणि महिन्यातली एक दुपार पुरते. तू, मी, तुमचे नगर वाचनालयाचे ग्रंथपाल, मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्या घरातला तुझा मित्र, आणि त्या ताई येतीलच. एकाच संस्थेतले साहेब आणि हाताखालचा माणूस एका गटात नकोत, आणि खोलीतलं बोलणं खोलीतच राहिलं पाहिजे. एवढं पाळलं नाही तर कुणी खरं बोलणार नाही.

पहिल्यांदा मिरजेत बसू. दुसरा शनिवार जमेल का, ते कळव. येताना अडचण एकच आण, पण खरोखर झोप उडवणारी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद